लहान होडी, मासळी आणि बर्फ

मासळी ताजी आहे की नाही हे ओळखण्याची विद्या आमच्या किनाऱ्यावरील घराघरांतून आजीकडून नातीकडे चालत आलेली आहे. कल्ला उचलून आतला तांबडेपणा पाहावा, डोळा फुगीर व चकचकीत आहे ना हे न्याहाळावे, पाठीवर अंगठा दाबून मांस पुन्हा वर येते की खळगा तसाच राहतो ते पाहावे, आणि एवढ्यानेही समाधान न झाल्यास विक्रेतीच्या चेहऱ्याकडे एकदा टक लावून पाहावे! या परीक्षेत जाणती गृहिणी सहसा फसत नाही. परंतु ही परीक्षा होते ती अगदी शेवटच्या टप्प्यावर. मासळीचे जे बरेवाईट व्हायचे असते ते बहुधा त्यापूर्वीच, पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या चारसहा तासांत, लहान होडीच्या तळाशी उन्हात पडल्या पडल्या होऊन गेलेले असते. बाजारातल्या तपासणीविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या चारसहा तासांविषयी मात्र कोणी बोलत नाही.

या प्रश्नाकडे आज आम्ही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या द्वारे पाहू इच्छितो. ती वस्तू म्हणजे कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीतून गळाने मासे पकडणारे लोक पुढच्या बाजूस जी उष्णतारोधक पिशवी बांधतात ती. एका पिशवीवर एवढी शाई खर्च करावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, मधे एका माणसापुरते भोक ठेवायचे, आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने बर्फाळ समुद्रात शिकारीस निघायचे. त्या होडीत सामान ठेवण्यास जागा नसे. म्हणून भाला, दोर, फुगवलेल्या कातड्याचा तरंगा अशी प्रत्येक वस्तू वरच्या पाठीवर आडव्या ओढलेल्या चामडी पट्ट्यांखाली अडकवलेली असे. अशी की लाटेने जाऊ नये, पण शिकाऱ्याच्या हाताला क्षणात लागावी. या एका वाक्यात आजच्या आमच्या विषयाचे निम्मे सार आलेले आहे.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर या होडीचे एक नवे रूप निघाले. आत बसण्याऐवजी वर बसायचे, आणि कातड्याऐवजी प्लॅस्टिकचे पोकळ अंग. वर येणारे पाणी तळापर्यंत आरपार गेलेल्या भोकांतून आपोआप निघून जाते, त्यामुळे ती पाण्याने भरून बुडत नाही. साधारण दहा ते चौदा फूट लांब आणि अडीचतीन फूट रुंद अशी ही होडी एकटा माणूस मोटारीच्या टपावर घालून नेऊ शकतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे तिच्यावरून समुद्रात दोनचार किलोमीटर आत जाऊन मोठमोठे मासे आणणारा एक वर्गच निर्माण झाला आहे. आपल्याकडे पाळोळेच्या किनाऱ्यावर ती पर्यटकांस भाड्याने मिळते, साळ नदीत, नेरुलच्या खाडीत ती दिसते, आणि तिच्यावर गळ घेऊन बसलेले हौशी तरुणही आता अपूर्वाईचे राहिलेले नाहीत.

या मंडळींपुढे पहिली अडचण उभी राहते ती मासा लागल्यानंतर. ठेवायचा कोठे? पायांत टाकावा तर तो तडफडून गळाचे आकडे पायात घुसवतो आणि उन्हाने तासाभरात मऊ पडतो. दोरीत ओवून पाण्यात सोडावा, ही जुनी रीत. परंतु कोमट पाण्यात मेलेला मासा हवेतल्यापेक्षा फारसा बरा राहत नाही, दोरीचा ओढा होडीला एका अंगाला खेचतो, आणि पाण्यातल्या इतर भुकेल्यांना तो आमंत्रणच असते. परदेशात त्यांना शार्कची भीती. आमच्याकडे कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, ते तरी होडीच्या बाजूला मासे लोंबकळत ठेवून बसणार नाहीत, अशी आशा आहे.

म्हणून ही पिशवी. बाहेरून प्लॅस्टिकचा लेप दिलेले ताडपत्रीसारखे मजबूत कापड, आतून धुण्याजोगे पांढरे अस्तर, आणि या दोहोंमध्ये साधारण दीड सेंटिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम. लांबी तीन फुटांच्या आसपास. होडीच्या नाळेवर बसावी म्हणून पुढचे टोक निमुळते. वरून जाड झिप, तळाशी पाणी सोडण्याचे बूच, आणि कडेला चारसहा धातूच्या कड्या. झाली पिशवी. तिच्यात यंत्र नाही, वीज नाही. ती थंडी निर्माण करीत नाही, केवळ बाहेरची उष्णता आत येण्यास उशीर लावते. थंडी आणायची ती बर्फानेच, आणि घरून निघतानाच. रिकामी, उन्हात तापलेली पिशवी घेऊन निघायचे आणि मासा लागल्यावर तिचा उपयोग होईल असे मानायचे, हे दगडाच्या चुलीवर लाकडाशिवाय भात शिजवण्यासारखे आहे.

बर्फाचा हिशेब आमच्या शाळांतून शिकवला जातो, परंतु मासळीशी त्याचा संबंध कोणी जोडून दाखवीत नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ऐंशी किलोकॅलरी उष्णता गिळतो. दहा किलो बांगडे तीस अंशांवरून शून्यावर आणावयाचे तर सुमारे दोनशे चाळीस किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे तीन किलो बर्फ केवळ त्यांना थंड करण्यातच संपतो. त्यानंतर ऊन, वारा, होडीचा तापलेला तळ आणि वारंवार उघडले जाणारे तोंड यांच्याशी झुंजण्यास आणखी बर्फ हवा. उष्ण कटिबंधात मासळीइतकाच बर्फ घ्यावा असे जे जाणकार सांगतात ते यामुळेच. चांगल्या पिशवीत, अर्ध्या दिवसाच्या फेरीला, त्याहून कमी चालते; पण मूठभर तुकडे वरून पसरले म्हणजे झाले, हा समज घातक आहे. बर्फ माशाला सर्व बाजूंनी लागला पाहिजे. फोडलेल्या बर्फात थोडे समुद्राचे पाणी घालून त्या लगद्यात मासा बुडवला तर तो सर्वांत लवकर थंड होतो, कारण पाणी प्रत्येक खळग्यात शिरते आणि मिठामुळे लगद्याचे तापमान शून्याच्याही किंचित खाली जाते.

आणि ही घाई कशासाठी? मासळीचे नासणे तापमानाबरोबर पटीपटीने वाढते. शून्य अंशावर जे एका दिवसात होते, ते दहा अंशांवर चौपट वेगाने होते. वैशाखातल्या दुपारच्या तीसपस्तीस अंशांची कल्पना वाचकांनीच करावी. बर्फात नीट ठेवलेला मासा आठवडाभर आणि कित्येकदा त्याहूनही अधिक खाण्याजोगा राहतो. उघड्यावर तोच मासा सकाळचा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बांगडा, तारले, कुपा या आपल्या आवडत्या जातींत तर आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते, आणि उबेत वाढणारे जिवाणू त्याचे हिस्टामीन बनवतात. ते खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, उलट्या होतात. आपण म्हणतो, ‘बांगडा बाधला.’ हे विष एकदा तयार झाले की तळून, उकळून किंवा कितीही आमसुले घालून जात नाही. हवा किंवा पाणी सुमारे अठ्ठावीस अंशांहून उष्ण असेल तर अशा जातींचा मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे, असे अमेरिकेतील अन्न खात्याचे मार्गदर्शन आहे. आमच्या समुद्राचे पाणी वर्षातला बराच काळ त्या मर्यादेच्या आसपास किंवा वर असते.

इतके झाल्यावर पिशवी बांधण्याचा प्रश्न येतो, आणि येथेच नवशिका फसतो. दहा किलो बर्फ व पंधरा किलो मासळी धरली तर पंचवीस किलोचे ओझे झाले. माणसाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे हे ओझे तीन फूट रुंदीच्या, हलक्या होडीच्या टोकावर असते. ते एका बाजूला चार बोटे सरकले तरी होडी त्या अंगाला कलते. आणि कललेल्या होडीत ते आणखी त्याच अंगाला सरकते. पिशवीत वितळलेले पाणी साचले असेल तर तेही धावत जाऊन खालच्या बाजूस बसते. मोठ्या जहाजांवर तळघरात मोकळे हिंदकळणारे पाणी किती धोक्याचे, हे कोणताही खलाशी सांगेल. तोच न्याय या पिशवीला लागू आहे. म्हणून लगद्यात मासा थंड झाला की जादा पाणी सोडून द्यावे, बर्फ व मासे पिशवीच्या तळाशी सपाट पसरावेत, आणि भर मध्यरेषेवर ठेवावा.

पिशवी पुढे बांधावी की मागे, यावर त्या जगात मतभेद आहेत. मागची जागा खोलगट असते, ओझे तेथे आपोआप बसते, आणि नाळ लाटेवर हलकी राहते. परंतु बसल्या जागी वळून पाठीमागे मासा टाकणे म्हणजे अंगाला पीळ देऊन तोल घालवणे होय. पुढे बांधली तर मासा डोळ्यांसमोर राहतो. मात्र ओझे फार झाल्यास नाळ पाण्यात रुतते, आणि उतरताना लाटेने मागून उचलले की ती खाली खुपसली जाऊन होडी कोलांटी घेते. आमचा कौल असा की, नदीत व शांत खाडीत पुढे, आणि फुटत्या लाटांतून उतरायचे असेल तेथे ओझे मागे न्यावे. कोणत्याही स्थितीत पिशवीपर्यंत जाण्यासाठी गुडघ्यांवर पुढे रांगू नये. शहाणे लोक पिशवीच्या कडीतून एक दोर नाळेवरील कडीत फिरवून त्याचे दुसरे टोक बसल्या जागेपर्यंत आणतात. विहिरीच्या रहाटाप्रमाणे ओढले की पिशवी जवळ येते, उलट ओढले की परत जागेवर जाते.

बांधणीत सर्वांत मोठी चूक होते ती केवळ रबरी दोरीवर विसंबण्याची. ती वापरण्यास सोपी, म्हणून सर्वांच्या हाताशी. पण रबराचा धर्मच ताणले जाणे हा आहे. रिकामी पिशवी ती छान धरते. भरलेली पिशवी लाटेने हिसडा दिला की वीतभर सरकते, आणि वर सांगितलेले कलण्याचे चक्र सुरू होते. शिवाय ऊन आणि खार यांनी ती एकदोन हंगामांत आतून जिरते, वरून मात्र शाबूत दिसते. खरा भार न ताणणाऱ्या पट्ट्यांनी किंवा दोरीने उचलला पाहिजे, आणि तोही चार कोपऱ्यांवर, तिरप्या ओढीने, म्हणजे पिशवी पुढेमागे व आजूबाजूला, कोणत्याही दिशेस जाऊ नये. रबरी दोरी हवी तर वरून झाकण दाबण्यापुरती असावी.

ज्या कडीला आपण बांधतो ती कशाला जोडली आहे, हेही पाहावे लागते. प्लॅस्टिकच्या पातळ अंगात नुसता स्क्रू पिळून बसवलेली कडी पंचवीस किलोच्या पहिल्या हिसड्याला स्क्रूसकट हातात येते आणि मागे एक भोक ठेवून जाते, ज्यातून पोकळ अंगात पाणी शिरते. आरपार बोल्ट, आतून रुंद वॉशर किंवा पट्टी, आणि भोवती पाणी न झिरपणारा लांबी, एवढे केले तरच ती कडी म्हणावी. आत हात पोचत नसेल तेथे आत गेल्यावर पसरणारे रिव्हेट मिळतात. धातू गंजरोधक पोलादाचा असावा. खाऱ्या हवेत साधे लोखंड किती दिवस टिकते हे आमच्या वाचकांस खिडक्यांच्या गजांवरून ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्दा. पिशवी घट्ट बांधायची. पण किती घट्ट? होडी उलटली तर? कयाक उलटते, यात नवल नाही. वर बसायची होडी उलटी झाली तर तिच्या पोटावरून पलीकडची कड धरून अंगाचा भार टाकायचा आणि ती सुलटी करायची, असा परिपाठ आहे. त्या वेळी खाली पाण्याने भरलेली पिशवी बांधलेली असेल तर ती पाण्यातून वर उचलण्याइतके बळ थकलेल्या माणसाच्या अंगी उरत नाही. म्हणून ती त्याला एका हाताने, न पाहता, पाण्याखाली चाचपडत सोडवता आली पाहिजे. आणि सोडवल्यावर ती वाहूनही जाऊ नये, तर आखूड दोरीने होडीशी राहावी. दोरी आखूडच हवी, कारण लांब दोरी पायांत गुरफटते आणि मग मासळीचा प्रश्न उरत नाही, माणसाचा उरतो. आपल्या भाषेने यासाठी दोन सुंदर शब्द फार पूर्वीच करून ठेवले आहेत: निरगाठ आणि सुरगाठ. होडीच्या अंगाची कडी निरगाठीच्या जातीची. पिशवीचा पट्टा सुरगाठीच्या. हल्ली सुरगाठीची जागा एका बोटाने उघडणाऱ्या बकलाने घेतली आहे एवढेच. तेही न उघडल्यास छातीशी अडकवलेला छोटा चाकू असावा, आणि अंगात तरंगजाकीट. जाकीट उशाला घेऊन झोपण्यासाठी नसते, हे आमच्याकडे दर हंगामात कोणाला तरी सांगावे लागते.

ही सर्व बांधणी बरोबर झाली की नाही हे पाहण्याची एकच खरी रीत आहे. कमरेएवढ्या शांत पाण्यात, सोबत कोणी असताना, पिशवीत तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या भरून होडी मुद्दाम उलटी करावी. काय सुटते, काय अडकते, ते पाच मिनिटांत कळते.

हौशी लोकांच्या या खटाटोपाशी आमच्या पागाऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. एकट्यादुकट्याने चालवलेली लहान होडी, जागेची टंचाई, डोक्यावर ऊन, पायांशी मासळी, आणि प्रत्येक किलो वजनाचा हिशेब ही दोघांची स्थिती एकच आहे. फरक इतकाच की, हौशी माणसाचा मासा नासला तर त्याचे एक जेवण जाते. आमच्या होडीवाल्याचा नासला तर दिवसाची मजुरी जाते.

बांधणीचे शास्त्र त्याला शिकवण्याची गरज नाही. ज्या किनाऱ्यावर फळ्या खिळ्यांशिवाय सुंभाने शिवून होड्या तयार झाल्या, ज्यांची उलांडी आजही दोरीच्या वेढ्यांनी अशी बांधतात की लाटेवर ती लवते पण सुटत नाही, तेथील माणसाला निरगाठ आणि सुरगाठ जन्मापासून येते. त्याच्यापाशी नाही तो बर्फ. आणि बर्फ ठेवण्याची सोय. ओले गोणपाट, माडाचे चुडत, वर शिंपडलेले पाणी ही त्याची जुनी साधने. रापण ओढून मासळी थेट वाळूवर यायची, तेथूनच बायका पाट्या डोक्यावर घेऊन गावात जायच्या आणि दहाच्या आत ती चुलीवर चढायची, तेव्हा ही साधने पुरेशी होती. आज मासा धक्क्यावर उतरतो, लिलावात थांबतो, टेम्पोत चढतो, हॉटेलात जातो. वेळ वाढला, गोणपाट तेच राहिले.

यात लहान होडीवाल्याचे नुकसान कसे होते ते नीट पाहिले पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात रापणकार आणि ट्रॉलर यांच्यातील संघर्षाने हा किनारा पेटला होता, आणि त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, हे वाचक विसरलेले नसतील. कायद्याने पाण्यात रेषा ओढली. परंतु बाजारात अशी रेषा नसते. ट्रॉलरच्या पोटात बर्फाची कोठी असते. तो कित्येक दिवस बाहेर राहूनही थंडगार मासळी उतरवतो. लहान होडीचा मासा त्याच दिवसाचा, जाळ्यातून अलगद काढलेला, न चिरडलेला. म्हणजे खरे पाहता अधिक मोलाचा. पण बर्फावाचून पाच तास तापलेला तो मासा आणि पाच दिवस बर्फात राहिलेला हा मासा शेजारी ठेवला, तर ताजेपणात पहिला हरण्याचा संभव असतो. लहान माणसाजवळ जे एकच श्रेष्ठत्व उरले होते, ते त्याच्या होडीच्या तळाशी वितळून जाते.

याला आम्ही ग्राहकही काही अंशी जबाबदार आहोत. बर्फ लागलेली मासळी म्हणजे परगावची, शिळी, असा एक समज आमच्या घरांतून खोल रुजलेला आहे. तो निराधार नव्हता. पूर्वी बर्फ लागे तो दुरून येणाऱ्या मालालाच, त्यामुळे बर्फ आणि शिळेपणा यांची सांगड मनात बसली. परिणाम असा झाला की, विक्रेती बर्फ दाखवण्यास कचरते, आणि उघड्या पाटीत, माशांच्या घोंगावण्यात ठेवलेला बांगडा ‘गावठी’ म्हणून चढ्या भावाने जातो. बर्फ मासा शिळा करीत नाही. शिळ्या माशाला ताजाही करीत नाही. आलेल्या वेळी तो जसा असेल तसा त्याला धरून ठेवतो, इतकेच. जिने सकाळी सहालाच मासा बर्फात घातला तिच्याकडे दोन पैसे जास्त देऊन घ्यावे, इतका बदल आमच्या स्वयंपाकघरांनी केला तरी पुष्कळ होईल.

सरकारी बाजूने पाहता चित्र उलट्या टोकाने सुरू होते. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनचे प्रकरण उद्भवले. प्राथमिक चाचणीत काय आढळले आणि नंतरच्या अहवालात काय म्हटले, यावरून मोठा गदारोळ झाला, परराज्यांतील मासळीची आयात काही काळ बंद झाली, आणि पुढे बाहेरून येणारी मासळी उष्णतारोधक वाहनांतूनच यावी अशी अट घालण्यात आली. अट योग्यच होती. फॉर्मेलिनचा मोह उत्पन्न होतो तो जेथे बर्फ अपुरा पडतो तेथे. बर्फाची साखळी पक्की केली की त्या विषाची गरजच कमी होते. त्यानंतर २०२० मध्ये केंद्राची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, आणि तिच्यात बर्फपेटीसह सायकल, दुचाकी व तीनचाकी यांना साहाय्य देण्याची तरतूद झाली. तीही स्वागतार्ह. परंतु साखळीची पहिली कडी दुचाकीच्या मागे नाही आणि राज्याच्या सीमेवरही नाही. ती पाण्यावर आहे. दुचाकीवरच्या पेटीत आधीच पाच तास तापलेली मासळी घातली तर ती पेटी काय करणार?

कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून मासळी टिकवण्याच्या विद्येत गुंतलेली आहे, तेव्हा ज्ञानाची वाण नाही. पेटीपेक्षा पिशवी आमच्या लहान होड्यांना अधिक सोयीची, असे आमचे मत आहे. टणक पेटी जागा अडवते, रिकामी असतानाही तेवढीच राहते, आणि थर्माकोलची पेटी तर दोन हंगामांत भुगा होऊन किनाऱ्यावरच पसरते. पावसाळ्यात वाळूवर ते पांढरे दाणे कोणी पाहिले नाहीत? पिशवी होडीच्या वळणात बसते, परतताना घडी होते, फाटली तर ठिगळ लावता येते. आणि ती परदेशातून आणण्याची बिलकूल आवश्यकता नाही. ताडपत्री शिवणारा, मोटारींच्या गाद्या करणारा कोणताही कारागीर म्हापशात किंवा मडगावात ती शिवू शकेल. फोम बंद छिद्रांचा असावा, गादीचा स्पंज नव्हे. अस्तर खाद्यपदार्थांस चालणारे असावे. शिवणीतून पाणी फोमात जाऊ नये म्हणून शिवण वरून चिकटपट्टीने बंद करावी. आणि झिपेऐवजी दुमडून पट्ट्याने आवळायचे तोंड ठेवले तर खाराने अडकण्याची कटकटही टळते. एवढ्या चार गोष्टी पाळल्या की झाले.

अडते ते बर्फापाशी. बर्फाचा कारखाना लादीच्या हिशेबाने चालतो, आणि मोठ्या धक्क्यांवर ट्रॉलरची मागणी त्याला पुरून उरते. ज्याला पहाटे चार वाजता आठदहा किलो फोडलेला बर्फ हवा त्याच्यासाठी कोण थांबणार? लहान होड्या जेथून सुटतात त्या खाडीकाठच्या वाड्यांवर, सहकारी सोसायटीच्या किंवा पंचायतीच्या देखरेखीखाली, रात्री एक मोठी बर्फपेटी भरून ठेवावी आणि पहाटे किलोच्या हिशेबाने बर्फ मोजून द्यावा, इतकी साधी ही व्यवस्था आहे. हा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असला पाहिजे. गढूळ पाण्याच्या बर्फात मासा घालणे म्हणजे रोग विकत घेणे. आरंभी दोनचार गावांत हा प्रयोग करून, बर्फातली आणि बिनबर्फाची मासळी लिलावात कशी जाते याची नोंद महिनाभर ठेवावी. आकडे पाहून पुढचे ठरवावे.

मत्स्योद्योग खात्याला यासाठी मुहूर्तही शोधावा लागणार नाही. १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी बंदीची मुदत. या दोन महिन्यांत होड्या झावळ्यांच्या आडोशाला चढवलेल्या असतात, माणसे जाळी विणत बसलेली असतात, आणि ऐकायला त्यांना सवड असते. व्याख्यानांची आणि ध्वनिक्षेपकांची गरज नाही. एक शिवलेली पिशवी, दहा किलो बर्फ, एक तापमापक, आणि खाडीच्या उथळ पाण्यात उलटी करून दाखवायला एक होडी न्यावी. पिशवीचा पट्टा कोठे बांधायचा आणि कोणत्या गाठीने, हे मग जमलेल्यांपैकीच कोणी म्हातारा खात्याच्या अधिकाऱ्यांना दाखवून देईल.